ओळीतले घर : बेडफर्ड स्क्वेअरपासून किंग हेन्रीज रोडपर्यंत

शहर शेतात शिरते ते कोणत्या वाटेने, हे ज्याला स्वस्थपणे पाहावयाचे असेल त्याने करवीर तालुक्यातील आमच्या गडमुडशिंगीला यावे. एका अंगाला उजळाईवाडीचे विमानतळ, ज्याच्या विस्तारीकरणात गावच्या शिवारातील जमीन संपादनाला गेली. दुसऱ्या अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ. आणि मध्ये उसाच्या फडांतून डोके वर काढणारे प्लॉटचे दगड, त्यांवर रंगवलेले आकडे आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या खरेदीपत्रांची चर्चा. जमीन एन. ए. झाली आहे की नुसती गुंठेवारी आहे, रस्ता किती फुटी सोडला आहे, शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे की स्वतंत्र, या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे चहाच्या टपरीवर मिळतात. अशा गावातून लंडनला गेलेल्या माणसाने राजवाडे व पूल सोडून साध्या राहत्या घरांच्या भिंती न्याहाळीत हिंडावे, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

निमित्त मात्र निराळे होते. मार्च 1920 मध्ये आमच्या पूर्वेस काही कोसांवर असलेल्या माणगावी जी परिषद भरली, आणि जिच्यात राजर्षी शाहू महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांच्या रूपाने अस्पृश्य समाजाला स्वतःचा पुढारी लाभल्याचे जाहीरपणे सांगितले, तिचे अध्यक्षस्थान भूषविणारे बाबासाहेब त्याच वर्षीच्या जुलैत, अपुरे राहिलेले शिक्षण तडीस नेण्यासाठी, महाराजांचे साहाय्य, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज आणि सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून मागे टाकलेली शिल्लक एवढ्या भांडवलावर मुंबईहून विलायतेस निघाले. लंडनच्या वायव्य भागात प्रिमरोज हिल नावाच्या टेकडीच्या अंगाला किंग हेन्रीज रोड आहे. तेथील 10 क्रमांकाच्या ज्या घरात 1921-22 साली त्यांचे वास्तव्य होते, ते महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. ते घर पाहावे, एवढाच माझा मूळ हेतू. परंतु ते घर सुटे नाही. डाव्याउजव्या शेजाऱ्यांना खांदा लावून उभे असलेले ओळीतले घर आहे, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले आहे, आणि त्याचे कूळ त्याच्याही आधीच्या जॉर्जियन काळात जाऊन मिळते. मुलगी पाहण्याआधी घराण्याची चौकशी करावी, या आपल्याकडच्या रिवाजाला अनुसरून मी आधी ब्लूम्सबरीत गेलो.

जॉर्ज नावाचे चार राजे इंग्लंडच्या गादीवर एकापाठोपाठ बसले, 1714 पासून 1830 पर्यंत. त्यांपैकी तिसऱ्या जॉर्जच्या राज्याची पहिली काही वर्षे सरल्यापासून चौथ्याच्या मृत्यूपर्यंत जी घरे बांधली गेली त्यांना ढोबळमानाने उत्तर-जॉर्जियन म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर पुण्यात बारभाईंचे कारस्थान शिजत होते तेव्हापासून पेशवाई बुडून बारा वर्षे लोटेपर्यंतचा हा काळ. नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा आणि लंडनचा बेडफर्ड स्क्वेअर ही समकालीन बांधकामे आहेत, हे ध्यानात धरले म्हणजे दोन्हींतील अंतर अधिकच डोळ्यांत भरते. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेर उंच मुकी भिंत, दरवाजाला दिंडी, आणि धन्याचे जे काही वैभव असेल ते आतल्या चौकाभोवती, महिरपींत आणि कोरीव खांबांत. येथे उलट. सगळी शोभा, आणि शोभेपेक्षाही सगळी शिस्त, रस्त्याच्या बाजूला.

बेडफर्ड स्क्वेअर ब्रिटिश म्युझियमपासून चालत दोन-तीन मिनिटांच्या वाटेवर आहे. मध्ये लंबवर्तुळाकार बाग, तीही खासगी, कुलपाची. आणि चारी बाजूंना करड्या-तपकिरी विटांच्या सलग ओळी. प्रत्येक ओळीच्या मध्यभागी पांढऱ्या गिलाव्याचे, त्रिकोणी शिखराचे, भिंतीत अर्धवट रुतलेल्या चपट्या स्तंभांचे एक प्रमुख घर (दोन बाजूंना ते घर खरे तर दोन घरांचे मिळून झालेले) अशा डौलाने बसवले आहे की, दुरून पाहणाऱ्याला दहा-पंधरा कुटुंबांची निरनिराळी घरे दिसतच नाहीत. दिसतो तो एकाच धनिकाचा प्रशस्त प्रासाद. दृष्टीची ही फसवणूक हेतुपुरस्सर केलेली आहे. एकट्याला जो प्रासाद परवडत नाही तो पंधरा जणांनी वर्गणीने उभारावा आणि प्रत्येकाने त्यातील वीस-पंचवीस फुटांच्या रुंदीत राहावे, ही कल्पना मला तरी विलक्षण हिशेबी आणि त्याच वेळी विलक्षण रसिक वाटली. तथापि रसिकतेतही घसरण होते: उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या मधल्या जोडघरांना पाच स्तंभ दिले आहेत, त्यामुळे जेथे मध्यभागी मोकळा गाळा यावयाचा तेथे नेमका स्तंभ येतो, आणि अभिजात वास्तुशास्त्राचे व्याकरण शिकलेली माणसे या चुकीकडे बोट दाखविण्यात आज अडीचशे वर्षे आनंद मानीत आली आहेत. गंमत अशी की, वास्तुविद्या शिकविणारी एक जुनी नामांकित संस्था, आर्किटेक्चरल असोसिएशन, 1917 पासून याच चौकात नांदते आहे.

ही शिस्त उत्पन्न झाली ती सौंदर्यबुद्धीतून कमी आणि दस्तऐवजांतून अधिक. जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याची. ती विकावयाची नाही, केवळ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाची, हा तेथील जमीनदारांचा पिढीजात शिरस्ता. म्हणून 1775 पासूनच्या सात-आठ वर्षांत रॉबर्ट ग्रूज आणि विल्यम स्कॉट या दोघा बांधकाम मक्तेदारांनी 99 वर्षांच्या पट्ट्याने हे भूखंड घेतले, आणि दर्शनी भिंत किती उंच, खिडक्या किती, कठडा कसा, हे सर्व जमीनदाराच्या कारभाऱ्यांनी घालून दिलेल्या अटींबरहुकूम उभे केले. अशा व्यवहारांत पहिल्या एक-दोन वर्षांचे भुईभाडे नाममात्र असे, कागदोपत्री एक मिरीचा दाणा; तेवढ्या अवधीत मक्तेदाराने भिंती, तक्तपोशी आणि छप्पर उभे करून, आतला साजशृंगार गिऱ्हाइकाच्या पसंतीवर सोडून, पट्टा दुसऱ्याला विकून मोकळे व्हावयाचे. म्हणजे शेतात प्लॉट पाडणे, उधारीवर बांधणे आणि बांधून होण्याआधी खपविणे हा उद्योग काही आमच्या गांधीनगर रस्त्यालगतच्या मंडळींनी शोधून काढलेला नाही. फरक एवढाच की, लंडनच्या मक्तेदारामागे असा धनी होता, ज्याची जमीन 99 वर्षांनी नातवाकडे परत यावयाची होती. त्यामुळे रस्त्याची रुंदी आणि ओळंबा यांत त्याचा स्वार्थ गुंतलेला होता. गुंठा विकून मोकळा होणाऱ्याला रस्ता नऊ फुटी असला काय आणि वीस फुटी असला काय. आमच्याकडे ही जागा सरकारी नगररचनेने घ्यावयाची. ती पोहोचेपर्यंत भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

जमीनदाराच्या अटींना जोड मिळाली कायद्याची. 1666 च्या सप्टेंबरात लागलेल्या आगीने लाकडी लंडन जाळून टाकले, आणि पुढील वर्षीच्या कायद्याने विटांची बांधणी सक्तीची केली. 1707 च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी वळचणी बंद केल्या. तेव्हापासून दर्शनी भिंत छपराच्याही वर चढवून कठड्यासारखी संपविण्याची चाल पडली, आणि छप्पर रस्त्यावरून दिसेनासे झाले. 1709 मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागापासून चार इंच आत बसविण्याचा हुकूम निघाला. या सर्वांवर कळस चढविला तो 1774 च्या इमारत कायद्याने. रॉबर्ट टेलर आणि जॉर्ज डान्स या वास्तुविशारदांचा त्यात हात होता. या कायद्याने घरांच्या प्रती ठरवून टाकल्या: 850 पौंडांहून अधिक किमतीचे आणि 900 चौरस फुटांहून अधिक भूक्षेत्राचे घर पहिल्या प्रतीचे, 150 पौंडांच्या आतले चौथ्या प्रतीचे, मधली दोन मधल्या प्रतींची, आणि प्रत्येक प्रतीला पायाची, बाहेरच्या भिंतीची व सामाईक भिंतीची जाडी नेमून दिली. उद्देश आग आणि लबाडी या दोहोंना आळा घालण्याचा. परिणाम मात्र असा झाला की, मक्तेदारांना घराचे चार तयार साचेच हाती मिळाले, आणि पुढील अर्धशतकात मैलोगणती लंडन त्या साच्यांतून बाहेर पडले. खिडकीच्या लाकडी पेट्या विटांच्या मागे दडविण्याची सक्ती याच कायद्याची. आज ज्या सडपातळ, निमग्न, संयत खिडक्यांची आपण वाहवा करतो ती मुळात आग पसरू न देण्याची तरतूद आहे.

मी एका दरवाजापाशी बराच वेळ उभा राहिलो. कमानीच्या माथ्यावरील चावीच्या दगडात एक दाढीवाला मुखवटा, आणि दोन्ही अंगांना कीड लागून पोखरल्यासारखे कोरलेले ठोकळे. पण हा दगड नव्हेच. एलिनॉर कोड नावाच्या कर्तबगार बाईने टेम्स नदीच्या दक्षिणेस लॅम्बेथ येथे 1769 पासून भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाचा कारखाना चालविला, आणि या चौकातील दरवाजांचे अलंकार तिच्याच साच्यांतून आले. एकच मुखवटा पुनःपुन्हा निघू शकत असल्याने पाथरवटाची मजुरी वाचली, आणि माल असा निघाला की लंडनच्या धुरातही त्याच्या दाढीचे केस अजून मोजून घ्यावेत. दरवाजावर पंख्याच्या आकाराची काचेची जाळी, मागच्या अंधाऱ्या बोळात उजेड सोडण्यासाठी. खिडक्यांवरच्या सपाट कमानी मऊ विटा घासून-घासून, पाचरीसारख्या घडवून, केसाएवढ्या दर्जांनी जोडलेल्या. बाकीची भिंत मात्र साध्या विटांची. लंडनच्या मातीत घरोघरची चाळलेली कोळशाची राख मिसळून या विटा पाडीत, त्यामुळे त्या भाजताना आतूनही जळत आणि इंधन कमी लागे. वीटभट्टीवाल्याची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते. आमच्याकडचा भट्टीवाला साखर कारखान्याच्या बगॅसवर डोळा ठेवून असतो.

या देखण्या भिंतीचे गुपित जाणकार सांगतात ते ऐकून मन थोडे खट्टू होते. पुष्कळ ठिकाणी दर्शनी विटांचा थर हा नुसता पापुद्रा. मागची भिंत स्वस्त विटांची, दोहोंचा सांधा जेमतेम, आणि भिंतीत आडवी घातलेली लाकडे काळाच्या ओघात कुजून गेल्याने पुढचा थर फुगून बाहेर येतो. जे घर 99 वर्षांनी परत करावयाचे ते शंभराव्या वर्षी उभे राहावे याची फिकीर मक्तेदाराने का करावी? ही घरे अडीचशे वर्षे उभी राहिली यात बांधणाऱ्यांपेक्षा पुढे डागडुजी करणाऱ्यांचे पुण्य अधिक.

आतली मांडणी पाहण्यासाठी बेडफर्ड स्क्वेअरचा उपयोग नाही. तेथे कचेऱ्या आहेत. त्यासाठी डाउटी स्ट्रीटवरील 48 क्रमांकाच्या घरी जावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेले हे घर 1837 मध्ये चार्ल्स डिकन्सने वार्षिक 80 पौंड भाड्याने घेतले, आणि 1925 पासून ते त्याचे स्मारक-संग्रहालय आहे. येणारे बहुतेक लोक त्याचे लिहिण्याचे मेज पाहावयास येतात. मला घराचाच आडवा-उभा छेद पाहावयाचा होता. रस्ता आणि घर यांच्यामध्ये लोखंडी कठड्याने राखलेला खोल चर असतो. त्यातून तळमजल्याखालच्या मुदपाकखान्याला उजेड आणि नोकरमाणसांना स्वतंत्र जिना. तळघर खोदून केलेले वाटते, पण बहुधा तसे नसते. रस्ताच भर घालून उचललेला असतो, म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली, मूळ जमिनीजवळ भरते. फरसबंदीत अधूनमधून जी लोखंडाची वाटोळी नक्षीदार झाकणे दिसतात ती कोळशाची. कोळसेवाला वरून पोते रिकामे करी आणि कोळसा रस्त्याखालच्या कोठीत पडे, घरात त्याचे पाऊल पडू न देता. तळाशी स्वयंपाक, धुणे आणि कोठी, रस्त्याच्या पातळीवर जेवणघर, त्याच्या वर, सर्वांत उंच खिडक्यांच्या मजल्यावर, पाहुण्यांचा दिवाणखाना, त्यावर शयनगृहे, आणि अगदी माथ्यावर, ठेंगण्या खिडक्यांच्या मागे, मुले आणि मोलकरणी. दर मजल्यावर दोनच खोल्या, एक पुढे, एक मागे, आणि कडेने वर वर जाणारा एकच जिना. आमचा सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू हा क्रम जमिनीवर आडवा पसरतो, आणि कोणाला कोठवर येऊ द्यावयाचे हे उंबरठ्यांनी ठरते. येथे तोच क्रम उभा केला आहे, आणि दर्जा पायऱ्यांनी ठरतो. बाहेरून नुसत्या खिडकीची उंची पाहून आत कोण राहत असेल हे सांगता यावे, इतकी ही उतरंड भिंतीवर उघड लिहिलेली आहे. प्रत्येक खोलीत शेगडी असल्याने दररोज कोळसा वर जावयाचा, राख खाली यावयाची, पाणी वर, सांडपाणी खाली, आणि हे सर्व मोलकरणीच्या हातांनी. घराच्या सौष्ठवाविषयी लिहिणाऱ्या ग्रंथांत या हातांचा उल्लेख अलीकडेच होऊ लागला आहे.

लिंकन्स इन फील्ड्समधील सर जॉन सोनचे घर याच साच्याला केवढे वाकविता येते याचे उदाहरण. या वास्तुविशारदाने 1792 पासून एकामागून एक लगतची तीन घरे घेऊन, पाडून, पुन्हा बांधून, भिंतींत आरसे, छतांत झरोके आणि न्याहारीच्या लहानशा खोलीवर अधांतरी तरंगणारा घुमट अशी रचना केली, आणि 1833 मध्ये पार्लमेंटचा खास कायदा करवून ते सर्व राष्ट्राला देऊन टाकले. ते पाहून डोळे दिपतात. परंतु अपवादाने नियम शिकता येत नाही, म्हणून मी तेथे रेंगाळलो नाही.

नियमाचे पुढे काय झाले, तेच आपल्या कथेला जवळचे आहे. ब्लूम्सबरीचे ड्यूक आपल्या वस्तीचा वरचा दर्जा राखण्यासाठी काही रस्त्यांच्या तोंडाशी फाटके आणि पहारेकरी ठेवून मालवाहू गाड्या अडवीत. 1890 नंतरच्या दशकात ती फाटके कायद्याने उखडली गेली. तोवर श्रीमंत कुटुंबे पश्चिमेकडे निघून गेली होती. मागे राहिलेल्या उंच, अरुंद, एका जिन्याच्या घरांचे करावयाचे काय? उत्तर घराच्या आराखड्यातच होते. प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या, प्रत्येक खोलीत शेगडी, सर्वांना एक जिना, तळघरात स्वयंपाक: खोली-खोली भाड्याने देण्यासाठी याहून सोयीचे घर मुद्दाम बांधूनही साधले नसते. सज्जनांची घरे खाणावळी आणि बिऱ्हाडांची घरे झाली, आणि त्या बिऱ्हाडांत साऱ्या साम्राज्यातून आलेले विद्यार्थी, वकील आणि फिर्यादी येऊन उतरू लागले. बेडफर्ड स्क्वेअरच्या 49 क्रमांकावर राजा राममोहन रॉय यांच्या वास्तव्याची पाटी आहे. ते 1831 मध्ये आले, मित्राच्या घरी, मानाने राहिले. सातारच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन 1839 मध्ये निघालेले रंगो बापूजी मात्र, पैसा आटत असता, 1853 पर्यंत या शहराचे उंबरे झिजवीत राहिले; कंपनीच्या दरबारी त्यांना न्याय मिळाला नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 च्या उन्हाळ्यात लंडन पाहून परतत असता 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्या तेथील समाधिछत्रीचा आराखडा ज्या चार्ल्स मँट यांनी केला, त्यांनीच कोल्हापूरचे टाउन हॉल आणि नवा राजवाडा यांची रचना केली. इंग्रज अभियंत्याने आम्हांला घुमट, कमानी आणि मनोरे दिले. स्वतःच्या देशातील ही साधी विटांची ओळ दिली नाही. ओळ आमच्या शिवाराजवळ आली ती फार उशिरा, दुसऱ्या महायुद्धात, वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांसाठी बराकी उभ्या राहिल्या तेव्हा. 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बायकामुलेच अधिक, तेथे राहिली. 1948 पर्यंत ती गेली, आणि त्यांच्या जागी सिंधमधून आलेले निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. तेथे काटकसरीने आणि घाईने घातलेल्या ओळी होत्या, डौलाने नव्हे. परंतु एकाची वस्ती उठली की दुसऱ्याची त्याच भिंतींआड बसते, हा ओळीच्या घराचा स्वभाव तेथेही दिसला.

किंग हेन्रीज रोडला जाताना चॉक फार्म स्थानकावर उतरावे. येथली जमीन ईटन कॉलेजची. त्याचा संस्थापक सहावा हेन्री, त्याचेच नाव रस्त्याला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या शिवारात पट्ट्यांनी घरे उठली, पद्धत तीच, जी बेडफर्डच्या ड्यूकची. रूप थोडे बदललेले. जॉर्जियन भिंत अलंकाराच्या बाबतीत मितभाषी. व्हिक्टोरियन भिंतीला बोलल्यावाचून राहवत नाही, म्हणून खिडक्यांभोवती पांढऱ्या गिलाव्याच्या चौकटी आणि कोरीव पट्ट्या आल्या. काचांचे तुकडेही मोठे झाले, कारण काचेवरचा कर 1845 मध्ये आणि खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये उठला होता. पण आत तोच जिना, त्याच पुढच्या-मागच्या खोल्या, त्याच सामाईक भिंती. या भागात ओळींच्या मागच्या बाजू पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. कठड्याआड दडविलेले छप्पर दोन उतारांचे, पण उतार बाहेर न जाता आत, मधल्या पन्हळीकडे. म्हणून पुष्कळ जुन्या घरांच्या मागच्या भिंतीचा माथा मध्ये खचलेला दिसतो. सारे पाणी घराच्या मध्यावर गोळा करून एका नळीने बाहेर काढावयाचे, हा विचार आमच्याकडच्या गवंड्याला सांगितला असता तर त्याने आषाढ पाहिला आहे का, एवढेच विचारले असते.

10 क्रमांकाचे घर चार मजली, दर्शनी भिंतीवर निळी वाटोळी पाटी. आत बाबासाहेबांची छायाचित्रे, ग्रंथ आणि त्यांच्या निवासाची आठवण देणारी मांडणी आहे. ती पाहताना जे मनात आले ते मांडणीविषयी नव्हते. लंडनमधील त्यांच्या बिऱ्हाडवासाविषयी चरित्रकारांनी लिहिले आहे: अपुरे अन्न, काटकसर, म्युझियमच्या वाचनालयात ते उघडल्यापासून बंद होईपर्यंतची बैठक आणि रात्री पुन्हा खोलीत वाचन. म्हणजे प्रिमरोज हिलच्या पायथ्याशी असलेल्या या घरातून निघून ते रोज ज्या घुमटाखाली जाऊन बसत तो ब्लूम्सबरीतच, बेडफर्ड स्क्वेअरच्या शेजारी. या काळात 1921 ची एम. एस्सी., 1922 मधील बॅरिस्टरी आणि पुढे 1923 च्या अखेरीस ग्रंथरूपाने निघालेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, एवढे काम झाले. मायदेशी परतल्यावर हाच मनुष्य परळच्या बी. आय. टी. चाळीतील खोल्यांत राहिला, आणि पुढे त्याने दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी जागा ठेवून ‘राजगृह’ बांधले. दर्जांची उतरंड भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या या गृहरचनेने, तिचा मूळ धनी निघून गेल्यावर, भाडे देईल त्याला खोली दिली. बडोद्यास नोकरीवर असताना ज्याला जातीपायी राहावयास जागा मिळाली नव्हती, त्याला ती येथे मिळाली. इंग्रजी औदार्याचा हा पुरावा मी मानीत नाही. घरमालकांना भाडे हवे होते आणि खोल्या मोकळ्या होत्या.

घर ताब्यात आल्यावरही खटला संपला नाही. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर वापरबदलाची परवानगी लागते. ती कॅम्डन पालिकेने 2018 मध्ये नाकारली: वस्तीतील एक राहते घर कमी होते, हे कारण. काही रहिवाशांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गोंगाटाचीही तक्रार केली. 2019 च्या सप्टेंबरात सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये गृहनिर्माण खात्याचे तत्कालीन मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी हा अपमान म्हणून रंगविला. मला तसे वाटले नाही. जी ओळ कायद्याने घडविली ती कायद्याने राखावयाची, आणि एका घराचा वापर बदलला तर दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे ते ऐकू जाते, ही त्या वास्तूची मूळ अटच आहे. 1936 मध्ये अ‍ॅडम बंधूंची ॲडेल्फी ही विख्यात ओळ पाडली गेली तेव्हा हळहळलेल्या लोकांनी पुढील वर्षी जॉर्जियन ग्रुप नावाची संस्था काढली, आणि 1947 च्या नगररचना कायद्याने जुन्या घरांच्या याद्या तयार झाल्या. ही पालिकेची किचकट दप्तरदिरंगाई त्याच परंपरेतली. बेडफर्ड स्क्वेअर आज उभा आहे तो तिच्याच कृपेने. मात्र पालिकेच्या मुद्द्यातही एक अडचण होती. एका कुटुंबाचे घर, मग बिऱ्हाडांचे घर, असा वापरबदल या ओळीतील कितीतरी घरांचा मागे होऊन गेला आहे, आणि 10 क्रमांकाचे महत्त्व नेमके त्या बदलातूनच आले आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने या घरासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा, आणि शक्य तर एका दिवसात डाउटी स्ट्रीट आधी व किंग हेन्रीज रोड नंतर असा क्रम धरावा. जिना अरुंद आहे. मोठ्या जथ्याने जाऊ नये, आणि बोलणे आतच उरकावे. बाहेर फरसबंदीवर उभे राहून सामूहिक छायाचित्र काढताना शेजारच्या पायऱ्यांवर बसण्याचा मोह होतो, तो आवरावा. भिंत सामाईक असली तरी पायऱ्या शेजाऱ्यांच्या आहेत, आणि त्यांनी एकदा तक्रार केलेलीच आहे.